पाळीव पोपटाचे शौचशिक्षण

पोपट पाळण्याची आणि त्याला बोलावयास शिकविण्याची हौस आपल्या देशात इतकी जुनी आहे की, वात्स्यायनाच्या कामसूत्रात ज्या चौसष्ट कला गणल्या आहेत त्यांत शुकसारिकांना बोलके करण्याच्या कलेलाही स्वतंत्र स्थान मिळाले आहे, आणि बाणभट्टाने आपली कादंबरी सांगण्याचे काम वैशंपायन नावाच्या पोपटाकडेच सोपविले आहे. आजही पोपट घरी आणणाऱ्या माणसाचे सारे लक्ष त्याच्या वाणीकडे लागलेले असते. तो केव्हा बोलेल, काय बोलेल, घरातल्या कोणाची हाक उचलील, याची उत्सुकता आबालवृद्धांना असते. पण पिंजऱ्याबाहेर आल्यावर तो कोठे आणि किती वेळा शीट टाकील, हा प्रश्न मात्र खुर्चीच्या पाठीवर, पुस्तकांच्या कडांवर आणि घरधन्याच्या खांद्यावर पांढरे-हिरवे डाग दिसू लागेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. मग घरात कुरबूर सुरू होते, पिंजऱ्याचे दार उघडे राहण्याची वेळ हळूहळू आखडत जाते, आणि काही महिन्यांनी ते दार दाणापाण्यापुरतेच उघडू लागते. आफ्रिकेतला करडा पोपट चांगल्या निगराणीत ४०-५० वर्षे जगू शकतो. एवढे आयुष्य लाभलेल्या, उडण्यासाठी जन्मलेल्या आणि बुद्धीने अत्यंत तल्लख अशा प्राण्याने ते सारे दीड-दोन हातांच्या जाळीत काढावे, आणि त्याचे कारण केवळ त्याची शीट असावी, ही मला मोठी अन्यायाची गोष्ट वाटते. विशेषतः हा प्रश्न थोड्या निरीक्षणाने आणि पुष्कळशा सबुरीने सुटण्याजोगा असताना.

प्रारंभीच एक खुलासा अवश्य आहे. आपल्या शेतांतून आणि आमरायांतून दिसणारा लाल चोचीचा, गळ्याभोवती गुलाबी कंठ असलेला हिरवा पोपट, त्याहून थोराड आणि खांद्यावर तांबडा डाग मिरविणारा पहाडी पोपट, किंवा जांभळट डोक्याचा लहानखुरा तुईया, हे सर्व भारतीय पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कक्षेत येतात, आणि त्यांना पकडणे, विकणे किंवा घरी पिंजऱ्यात बाळगणे हा गुन्हा आहे. वाड्याच्या ओसरीवर टांगलेला राघू आणि रस्त्याच्या कडेला पाकीट उचलून भविष्य सांगणारा पोपट यांना कायद्याने आता जागा उरलेली नाही. म्हणून पुढील विवेचन परदेशी जातींच्या, बंदिस्त पैदाशीच्या पोपटांविषयी आहे: ज्यांना आपल्याकडे सर्रास लव्हबर्ड म्हटले जाते ते ऑस्ट्रेलियन बजरीगर, शेंडीवाले कॉकॅटील, काकाकुवा, दक्षिण अमेरिकेतले कोन्यूर आणि मकाव, आणि वर उल्लेखिलेला करडा आफ्रिकी पोपट. यांपैकी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधाखाली येणाऱ्या जातींची सरकारदफ्तरी नोंद करावी लागते; ती तजवीज पक्षी घरात येण्यापूर्वीच केलेली बरी.

शौचाचे शिक्षण देण्यापूर्वी शौच समजले पाहिजे, आणि पक्ष्याचे शौच ही आपल्या शौचाहून मुळातच निराळी गोष्ट आहे. पोपटाला मूत्राशय नसतो. त्याच्या मूत्रपिंडांतून पाझरलेला द्रव कोठे साठून राहत नाही. तो मूत्रवाहिन्यांतून शरीराच्या शेवटच्या पोकळीत, म्हणजे शास्त्रज्ञ जिला अवस्कर म्हणतात तीत, थेट उतरतो, आणि त्याच पोकळीत आतड्यातला मळही येऊन पोचतो, प्रजननमार्गही तेथेच उघडतो. पोपटाची एक शीट म्हणजे वस्तुतः तीन पदार्थांचे एकत्र विसर्जन असते: आतड्यातून आलेला, वळकटीसारखा दिसणारा हिरवा किंवा तपकिरी मळ, त्याच्यावर वा त्याच्याभोवती बसलेला पांढरा घट्ट लेप, आणि कागदावर ओल पसरविणारे थोडेसे निर्मळ पाणी. पुष्कळांची समजूत अशी असते की, पांढरा भाग हाच खरा मळ. प्रत्यक्षात तो मूत्राचा घन अंश आहे. शरीरात प्रथिनांचे विघटन होऊन जे नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य उरते, ते माणसासारखे सस्तन प्राणी यूरियाच्या रूपाने बाहेर टाकतात. यूरिया पाण्यात विरघळतो, आणि त्याला वाहून नेण्यासाठी पुष्कळ पाणी खर्ची पडते. पक्षी तेच द्रव्य यूरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे अत्यल्प पाण्यावर काम भागते. आणि अंड्याच्या बंद कवचात वाढणाऱ्या गर्भालाही आपला टाकाऊ अंश एका बाजूला निरुपद्रवी स्थितीत साठवून ठेवता येतो. बजरीगरासारखा पक्षी ऑस्ट्रेलियाच्या रुक्ष अंतर्भागात कोरड्या बियांवर गुजराण करू शकतो, याचे एक कारण ही काटकसर आहे. पांढरा डाग ओल्या फडक्याने पुसताना सहजी का निघत नाही, हेही यावरून कळते: तो विरघळत नाही, त्याला भिजवून सैल करावे लागते.

या व्यवस्थेतली आणखी एक गोष्ट मला विशेष विस्मयकारक वाटते, आणि पोपट पाळणाऱ्याला ती माहीत असणे फार उपयोगाचे आहे. अवस्करात उतरलेले मूत्र लगेच बाहेर जातेच असे नाही; आतड्याच्या शेवटच्या भागाची हालचाल उलट दिशेने होऊन ते पुन्हा वर ओढले जाते, आणि तेथे त्यातले पाणी शरीर परत शोषून घेते. पक्षी निवांत असला की या कामाला पुरेसा अवधी मिळतो आणि शीट घट्ट, नीटस पडते. तो भ्याला, घरात कोणी परके आले, मांजर खिडकीशी दिसले, की तो अवधी मिळत नाही आणि शीट एकदम पाणचट होते. पशुवैद्याच्या दवाखान्यात नेलेल्या पोपटाची शीट पातळ दिसते म्हणून मालक घाबरतो, तेव्हा पुष्कळदा ते अतिसाराचे लक्षण नसून प्रवासाच्या धास्तीचा परिणाम असतो. खरा अतिसार झाला असता मळाची वळकटीच विस्कटते. केवळ भोवतालचे पाणी वाढले आणि वळकटी शाबूत राहिली, तर तो मूत्राचा वाढावा समजावा. कलिंगड, संत्रे किंवा काकडी खाल्ल्यानंतर हाच प्रकार काही काळ दिसतो, आणि त्यात चिंतेचे काही नसते.

किती वेळाने शीट पडते, हे पक्ष्याच्या आकारावर अवलंबून असते. बजरीगर जागेपणी दर पंधरा-वीस मिनिटांनी, म्हणजे दिवसाकाठी ४०-५० वेळा शीट टाकतो. कॉकॅटीलचे अंतर थोडे अधिक, आणि करडा पोपट किंवा मकाव यांच्यासारख्या मोठ्या पक्ष्यांचे त्याहूनही अधिक असते. परंतु सर्वच पोपटांच्या दिनक्रमात काही वेळा जणू मुक्रर झालेल्या असतात. रात्रभर तो बव्हंशी शीट रोखून धरतो, आणि सकाळी जाग आल्यावर काही मिनिटांतच त्या दिवसातली सर्वांत मोठी शीट टाकतो. खाणे झाल्यावर थोड्या वेळाने पुन्हा वेळ येते. उड्डाणापूर्वी तो पोट हलके करतो. आणि अंड्यांवर बसलेली मादी तर तासन्‌तास थांबते; पोपट झाडाच्या ढोलीत घरटे करतात, बसल्या मादीला नर बाहेरून अन्न आणून भरवितो, आणि ती मधूनच बाहेर येऊन एकाच वेळी भली मोठी, उग्र वासाची शीट टाकून परत आत जाते. पिंजऱ्यातल्या मादीची शीट एकाएकी अशी मोठी व दुर्गंधीयुक्त झाली, तर जाणता पक्षिपालक प्रथम ती अंड्यांवर येण्याच्या बेतात आहे काय हे पाहतो.

म्हणजे थोडा वेळ थांबण्याची शक्ती पोपटाला निसर्गानेच दिलेली आहे. पण ठरावीक जागेची आवड त्याला निसर्गाने दिलेली नाही, आणि येथेच कुत्र्या-मांजरांचा अनुभव असलेल्या माणसाची गल्लत होते. कुत्र्याचे पिल्लू आपल्या निजण्याच्या जागेत घाण करावयाचे टाळते. मांजर मळ मातीत पुरते. शिकवणारा या उपजत वृत्तीलाच वळण लावतो. पोपट हा उंच फांदीवर राहणारा जीव. त्याच्या अंगातून जे पडते ते खाली कोठेतरी पडते आणि त्याचा त्याच्याशी संबंध संपतो. बुलबुलासारख्या पक्ष्यांची पिले आपली विष्ठा पातळ पापुद्र्याच्या पुडीत टाकतात आणि आईबाप ती चोचीत धरून घरट्यापासून दूर नेऊन टाकतात. पोपटाच्या घरट्यात तशी कोणतीही व्यवस्था नसते, त्याची पिले ढोलीतच शीट टाकतात. तेव्हा 'अमुक ठिकाणी घाण करू नये' ही कल्पना पोपटाच्या डोक्यात कोठेच नसते, आणि ती रागावून तेथे घालता येत नाही. शिकवणाऱ्याच्या हाती दोनच गोष्टी असतात: पोपटाचे वेळापत्रक आणि त्याची चाहूल. ज्याने या दोहोंचा अभ्यास केला नाही त्याने शिक्षणाला हात घालू नये, असे मी म्हणेन.

चाहूल ओळखणे हे पहिल्या आठवड्याचे काम. शीट टाकण्यापूर्वी पोपट बहुधा एक-दोन पावले मागे सरकतो, पाय किंचित वाकवून बसका होतो, पोटाखालची पिसे सैल सोडतो आणि शेपटी उचलतो. कित्येक पक्षी शेपटी डावी-उजवीकडे हलकीच हलवितात, बोलत असतील तर क्षणभर थांबतात. प्रत्येक पक्ष्याची लकब थोडी निराळी. एका वहीत त्याच्या शिटांच्या वेळा चार-सहा दिवस टिपून ठेवल्या, सोबत त्याने काय खाल्ले आणि केव्हा खाल्ले हेही लिहिले, तर त्या टिपणांतून त्याचे अंतर आपोआप दिसू लागते. या काळात पोपटाला काहीही शिकवावयाचे नसते. शिकावयाचे असते ते घरातल्या माणसांनी.

नंतर जागा ठरवावी. खाली रद्दीचा कागद अंथरलेली एखादी दांडी, पिंजऱ्याच्या माथ्यावरचा खेळण्याचा भाग, किंवा ज्याच्या काठावर पक्ष्याचे पंजे नीट बसतील असा रुंद डबा, यांपैकी काहीही चालते. सकाळी पिंजऱ्यावरचे कापड काढल्याबरोबर पोपट दिवसातल्या पहिल्या विसर्जनाच्या बेतात असतो, आणि तीच शिक्षणाची सर्वोत्तम वेळ होय. त्याला हातावर घेऊन त्या जागी बसवावे आणि मुकाट्याने थांबावे. शेपटी उचलली जाताच ठरलेला एक शब्द शांत स्वरात एकदाच उच्चारावा. शीट पडताच मनापासून शाबासकी द्यावी, मान खाजवावी, सूर्यफुलाची एखादी बी हातात द्यावी. सूर्यफुलाच्या बियांत चरबी फार असते, म्हणून त्या एरवी वाडग्यात भरून न ठेवता अशा बक्षिसासाठीच राखून ठेवाव्यात. त्याने पक्ष्याची प्रकृतीही सुधारते आणि बक्षिसाची किंमतही टिकते. पुढे दिवसभर, त्याचे नैसर्गिक अंतर अर्ध्या तासाचे असेल तर ते भरण्याच्या चार-पाच मिनिटे आधीच, त्याला त्या जागी न्यावे, आणि काही न पडल्यास न रागावता परत आणावे. शब्द कोणता असावा याला महत्त्व नाही; तो छोटा असावा, घरातल्या रोजच्या बोलण्यात सारखा येणारा नसावा, आणि घरातल्या प्रत्येकाने तोच वापरावा. बोलका पोपट पुढे तो शब्द उचलतो, आणि काही पोपट वेळ आली की तो स्वतःच उच्चारून आपल्याला त्या जागी न्यावे असे सुचवू लागतात. त्या दिवशी शिकविण्याचे श्रम सार्थकी लागले असे समजावयास हरकत नाही.

इष्ट वर्तनाला तत्काळ फळ मिळाले की ते वर्तन दृढ होते, हा जो या रीतीमागचा नियम, त्याची शास्त्रशुद्ध मांडणी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात केली, आणि त्यांचे शिष्य केलर व मेरियन ब्रेलंड या दांपत्याने पुढे नाना जातींच्या पशुपक्ष्यांना शिकविताना तो प्रत्यक्षात उतरविला. पण आपल्या रस्त्यांवरचा ज्योतिषीही तोच नियम जाणून होता: त्याच्या पोपटाने पाकीट ओढून दिले की त्याच्या चोचीत लगेच एक दाणा पडे. दाणा उशिरा पडला असता तर पोपटाला आपल्या कोणत्या कृतीचे ते फळ, हे कळलेच नसते. शाबासकीच्या बाबतीत घरोघरी हीच चूक होते. पोपटाने योग्य जागी शीट टाकली, मालकाने उठून डबा उघडला, बी शोधली, आणि ती देईपर्यंत पोपट दांडी कुरतडू लागला. आता बक्षीस मिळाले ते कुरतडण्याला. बी आधीपासूनच मुठीत हवी.

शिक्षेचा मार्ग मात्र सर्वस्वी त्याज्य आहे. गालिच्यावर शीट पडली म्हणून पोपटावर ओरडले, तर त्या ओरडण्याचा आणि शिटेचा संबंध त्याला कधीच कळत नाही. धीट पोपटाला तो आवाज म्हणजे एक मनोरंजक प्रतिसाद वाटतो आणि तो पुन्हा मिळविण्यासाठी तो उत्सुक होतो. भित्रा पोपट माणसालाच भिऊ लागतो. पिंजऱ्यात कोंडणे ही तर दुहेरी चूक, कारण ज्या पिंजऱ्यात त्याने सुखाने झोपावयाचे आहे तोच त्याला नकोसा होतो. चुकीच्या जागी पडलेली शीट काहीही न बोलता पुसून टाकावी आणि आपण त्याला वेळेवर का नेले नाही, एवढेच पाहावे.

एक सूक्ष्म चूक अशी की, पुष्कळ लोक पोपटाला शौचासाठी पिंजऱ्यात नेतात आणि तेथेच ठेवून देतात. दोन-चार वेळा असे घडले की तो हुशार पक्षी एक अनुमान काढतो: शीट टाकली की बाहेरचा खेळ बरखास्त होतो. मग तो खेळ लांबविण्यासाठी शीट रोखू लागतो. म्हणून शौच झाल्यावर त्याला लगोलग परत खांद्यावर, टेबलावर, घरच्यांच्या घोळक्यात आणले पाहिजे.

आणि आता या विषयातला सर्वांत गंभीर मुद्दा. शौचशिक्षण फार यशस्वी झाले तर ते पोपटाच्या जिवावर बेतू शकते. पोपटाला आज्ञेवाचून किंवा त्या एका जागेवाचून शीट टाकताच येऊ नये, इतके कडक वळण काही हौशी मालक लावतात, आणि मालक कामावर गेल्यावर तो पक्षी तासन्‌तास अवघडून बसून राहतो. असे दीर्घकाळ रोखून धरण्याने अवस्कर ताणला जातो, तेथे जंतूंचा प्रादुर्भाव होऊ शकतो, आणि कित्येक पक्ष्यांत अवस्कराचा आतला भागच बाहेर येतो, ज्यावर शस्त्रक्रियेवाचून पुष्कळदा इलाज राहत नाही. पक्षिवैद्यांना हा विकार काकाकुव्यांत विशेष आढळतो. माणसाच्या हातावर वाढलेल्या, एकाच माणसाला जोडीदार मानणाऱ्या आणि पाठीवरून, पंखांखालून सतत कुरवाळल्या जाणाऱ्या काकाकुव्याच्या शरीरात प्रजननाचे स्राव अकारण चाळवले जातात, आणि रोखून धरण्याची सवय त्यात भर घालते. म्हणूनच कुरवाळणे मानेपर्यंतच ठेवावे असे वैद्य सांगतात. शिक्षणाची मर्यादाही येथेच आखली पाहिजे. पोपट बाहेर आपल्यासोबत असताना त्याने ठरलेल्या जागेला पसंती द्यावी, एवढीच अपेक्षा रास्त. पिंजऱ्यात असताना त्याने कोठेही, केव्हाही, कोणाच्याही शब्दावाचून मोकळे व्हावे. जागाही एकच नसावी, दोन-तीन असाव्यात. थांबण्याचा अवधी वाढविण्याचा प्रयत्न कोणी करीत असेल, 'आमचा पोपट चार तास थांबतो' असे कौतुकाने सांगत असेल, तर त्याला थांबविणे हे त्या पक्ष्याच्या हितचिंतकाचे कर्तव्य आहे. सकाळची शीट आज्ञेची वाट पाहून अडून राहू लागली, तर तो शब्द काही दिवस पूर्णपणे बंद करावा.

शौचाच्या जागी कागद अंथरण्याचा जो आग्रह मी धरतो तो केवळ स्वच्छतेसाठी नाही. रोज सकाळी बदललेला साधा कागद ही पोपटाच्या प्रकृतीची रोजकीर्द असते. रानात आजारी दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत भरतो, म्हणून पोपट आपला आजार शक्यतो लपवितो. पिसे फुगवून, डोळे मिटून तो बसू लागेपर्यंत रोग बराच बळावलेला असतो. शीट मात्र काही लपवीत नाही. रोजची सरासरी संख्या घटली तर खाणे घटले आहे. मळ अगदी थोडा, गडद हिरवा झाला तर पोटात अन्न जात नाही आणि केवळ पित्त उतरत आहे. अख्खे दाणे पचल्यावाचून बाहेर पडत असतील, मळ डांबरासारखा काळा दिसत असेल, किंवा ताजे रक्त दिसत असेल, तर त्याच दिवशी पक्ष्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे जावे. बीट किंवा डाळिंब खाल्ल्यावर येणारा तांबडा रंग मात्र निरुपद्रवी; तो पुढल्या दिवशी निवळतो, आणि म्हणून काय खाऊ घातले हे ध्यानात ठेवणे अवश्य असते. पांढऱ्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. तो पिवळट किंवा पोपटी झाला तर यकृत बिघडल्याची शंका घ्यावी. माणसाच्या काविळीत डोळे पिवळे होतात ते बिलिरुबिन या पित्तद्रव्यामुळे; पक्ष्यांचे मुख्य पित्तद्रव्य बिलिव्हर्डिन हे हिरवे असते, आणि यकृत ते नीट बाहेर टाकू शकले नाही की ते मूत्रातून उतरून पांढऱ्या लेपाला हिरवी छटा देते. पिंजऱ्याच्या तळाशी लाकडाचा भुसा किंवा मक्याच्या कणसांचा चुरा पसरला तर यांतले काहीच दिसत नाही. शिवाय ओल धरून त्यात बुरशी वाढते, आणि तिचे बीजाणू पक्ष्याच्या श्वसनमार्गात जाऊन दुर्धर रोग उत्पन्न करतात.

पांढऱ्या लेपाची ही हिरवी छटा ज्या रोगांत दिसते त्यांतला एक माणसालाही होतो. त्याला सिटाकोसिस म्हणतात. १९२९ च्या अखेरीस दक्षिण अमेरिकेतून, विशेषतः अर्जेंटिनातून, निर्यात झालेल्या ॲमेझॉन पोपटांबरोबर तो युरोपात आणि अमेरिकेत पसरला. नाताळची भेट म्हणून आणलेल्या पोपटांपायी घरेच्या घरे आजारी पडली, वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत त्यावर संशोधन करणारे चार्ल्स आर्मस्ट्राँग स्वतःच त्या तापाने अंथरुणाला खिळले, आणि जानेवारी १९३० मध्ये राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी पोपटांच्या आयातीवर बंदीचा हुकूम काढला. रोगाचा जंतू पक्ष्याच्या विष्ठेतून व नाकातोंडाच्या स्रावातून बाहेर पडतो, आणि विष्ठा वाळून तिची धूळ श्वासावाटे आत गेली की माणसाला न्यूमोनियासारखा ताप येतो. आज त्यावर डॉक्सिसायक्लीनसारखी परिणामकारक औषधे आहेत. पक्ष्याला ती सामान्यतः ४५ दिवस द्यावी लागतात. त्यामुळे पोपट पाळूच नये असे म्हणण्याचे कारण नाही. वाळलेली शीट झाडूने कधी झाडू नये, कोरडी खरवडू नये. प्रथम कोमट पाण्याने भिजवावी, मग ओल्या कागदाने उचलावी आणि हात साबणाने धुवावेत. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये. पोपट पाळणाऱ्या माणसाला खोकला आणि ताप आला तर डॉक्टरला घरात पोपट आहे हे सांगावे. तेवढ्या एका वाक्याने निदानाची दिशा बदलू शकते.

बजरीगरासारख्या चिमुकल्या पक्ष्यांच्या बाबतीत शौचशिक्षणाचा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पंधरा-पंधरा मिनिटांनी त्याला उचलून नेणे त्यालाही जाचक आणि माणसालाही. त्याची शीट लहान, लवकर वाळणारी; ज्या दांड्यांवर तो बसतो त्यांच्याखाली कागद घालावेत, त्याला त्या दांड्या आवडाव्यात म्हणून तेथे खेळणी टांगावीत, आणि उरलेले डाग पुसावेत. कॉकॅटील आणि कोन्यूर या मधल्या आकाराच्या पक्ष्यांना सकाळची आणि जेवणानंतरची वेळ साधता आली तरी घरातला निम्मा उपद्रव थांबतो. पूर्ण शिक्षणाला खरे पात्र ते मोठे पोपट, आणि त्यांतही माणसासोबत दिवसाचे काही तास मोकळे राहणारे.

मोठ्या पोपटाचे आयुष्य दीर्घ असल्यामुळे तो पुष्कळदा एका घरातून दुसऱ्या घरात जातो. मालक म्हातारे होतात, परगावी जातात, मुलांना पक्ष्याची आवड नसते. अशा वेळी नव्या घरी देताना आहाराची यादी दिली जाते, औषधांची माहिती दिली जाते, पण शौचाचा शब्द सांगावयाचा राहून जातो. नव्या घरातली माणसे तो शब्द उच्चारीत नाहीत, पोपट नव्या जागी बुजलेला असतो, आणि कडक वळणाचा असेल तर रोखून धरतो. पहिल्या दोन दिवसांत शीट अगदीच थोडी पडली तर नव्या मालकाला त्याचे कारण कळत नाही. म्हणून पोपट दुसऱ्याच्या हवाली करताना ठरलेला शब्द, त्याच्या सवयीच्या जागा, शिटांमधले नेहमीचे अंतर आणि त्याची चाहूल कशी असते, हे सारे कागदावर लिहून द्यावे. तो शब्द आपल्या नेहमीच्या स्वरात उच्चारून दाखवावा. आणि शक्य असेल तर ज्या दांडीवर तो बसत आला ती दांडीही त्याच्यासोबत पाठवावी.